अर्धचंद्र आणि बोर्डातली बाई

"प्लीज ट्राय अगेन," बोर्डातली बाई म्हणाली.

मी घसा खाकरला, माईक तोंडाजवळ नेला आणि पुन्हा म्हणालो, "कॉलेज."

"प्लीज ट्राय अगेन."

फळ्याच्या जागी बसवलेल्या त्या भल्यामोठ्या पांढऱ्या पडद्यावर लाल फुली उमटली. दहावी 'ब'चा वर्ग एकदम शांत झाला. वर्गाची शांतता मला कधीच आवडली नाही. मुलं हसत असली म्हणजे निदान आपण माणसांत आहोत असं वाटतं. शांत झाली की समजावं, त्यांना आपली दया यायला लागली.

"सर," पहिल्या बाकावरची रेश्मा बिडकर म्हणाली, "कालेज म्हणून बघा की."

"कालेज असं म्हणायचं नसतं. किती वेळा सांगितलंय तुम्हाला?"

"आमाला म्हाईत हाय ओ सर. पण बाईला कुठं म्हाईत हाय?"

मी माईक तिच्या हातात दिला. रेश्मानं ओढणी सारखी केली आणि पलीकडच्या रानातल्या माणसाला बांधावरून हाक मारावी तशी ओरडली, "कालेज!"

पिपाणी वाजली. हिरवी खूण आली. पडद्यावर वरून खाली चांदण्या सांडल्या. "एक्सलंट!" बाई म्हणाली, आणि इतक्या मायेनं म्हणाली की मला तिचा हेवा वाटला. माझ्या तोंडून असा 'एक्सलंट' कधी निघाला नव्हता.

हे सगळं सात-आठ वर्षांपूर्वीचं. कासारडोहच्या हायस्कुलात मी इंग्रजी शिकवत होतो आणि निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. गावात डाक्टर होते, आफिस होतं, काफी होती, आणि मी एकटा प्रत्येकाच्या डोक्यावर अर्धचंद्र ठेवत हिंडत होतो. डाक्टर नव्हे, डॉक्टर. काफी नव्हे, कॉफी. त्यावरून माझं नावच अर्धचंद्र सर पडलं होतं. खरं आडनाव हुपरीकर, पण ते फक्त पगारपत्रकावर.

माझं इंग्रजी पुस्तकांतून आलेलं. ग्रंथालयातली कपाटं मी एका बाजूनं वाचत गेलो होतो, पण इंग्रजी ज्याची आईची भाषा आहे असा माणूस मला उभ्या जन्मात भेटला नव्हता. त्यामुळे आपण शिकवतो ते खरोखर इंग्रजीच आहे ना, ही शंका नोकरीच्या पहिल्या दिवसापासून माझ्या मनात होती. बोर्डातल्या बाईनं ती लाल शाईत लिहून दाखवली, इतकंच.

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापक मगदूम सरांनी मला बोलावून घेतलं. ते कठीण बातमी सांगताना आधी चहा मागवत. त्या दिवशी चहाबरोबर बिस्किटंही आली.

"हुपरीकर सर, बसा. तुमचा उच्चाराचा स्कोर किती आला म्हणे?"

"अडतीस."

"शंभरात?"

"हो."

त्यांनी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. "संस्थेचं म्हणणं असं, की आता हे अमेरिकेतलं यंत्र एवढं आलंच आहे, तर ज्याला ऐंशीच्या वर पडतील त्यानंच दहावीचं इंग्रजी घ्यावं. शनिवारी आण्णासाहेब स्वतः येणारेत. कंपनीच्या एक बाईही तिकडून पडद्यावर येणार म्हणे, बघायला. त्यांच्यासमोर परीक्षा होईल."

"आणि मला नाही पडले तर?"

"तर बावडेकर मॅडम घेतील दहावी. त्यांना चौऱ्याण्णव आहेत. शिवाय त्या अजून कायम नाहीत. दहावीचा निकाल नावावर लागला की त्यांची फाईल हलेल." त्यांनी चहाचा घोट घेतला. "तुम्हाला ग्रंथालय देऊ. तुम्हाला आवडतंच की ते."

"आवडतं," मी म्हणालो.

खरंच आवडायचं. पण मगदूम सरांना कसं सांगणार? मी घरात एकटा. दुकानात गेलो तर चिठ्ठी पुढे करतो, एस.टी.त बसलो तर खिडकीबाहेर बघतो. दिवसाकाठी मोठ्यानं बोलायची माझी एकच जागा होती, दहावीचा वर्ग. तिथे उभं राहून धडा वाचायला लागलो की माझा आवाज मलाच ऐकू यायचा. ग्रंथालयात शांतता राखा अशी पाटी आहे. ती मीच लावलेली.

बाहेर पडताना मगदूम सर मागून म्हणाले, "काळजी करू नका. अर्धचंद्राला कोण अर्धचंद्र देतंय!" आणि स्वतःच्याच विनोदावर खुदकन हसले.

दुसऱ्या दिवशी बाईनं रोजच्या बोलण्यातली वाक्यं काढली होती. पडद्यावर आलं होतं, "आय गॉट इट." म्हणजे मला समजलं, किंवा मला ते मिळालं. सबंध वर्ग एकेक करून त्या वाक्यावर आपटत होता. बावडेकर मॅडम यंत्र सांभाळायला माझ्या वर्गात बसत. त्या कोल्हापुरातल्या इंग्रजी शाळेत शिकलेल्या, वयानं मला मुलीसारख्या, आणि मला त्यांची भीती वाटे. त्यांनी ते वाक्य म्हणून दाखवलं की चांदण्या पडत. मुलांनी म्हटलं की फुली.

"पुढे कोण?" मी विचारलं.

रेश्मा उठली. तिनं माईक हातात घेतला आणि तेवढ्यात शाळेच्या फाटकातून टेंपोचा भोंगा वाजला. पाठोपाठ आणखी एकदा, जरा रागानं. मावशीच्या साखरपुड्याला जायचं म्हणून रेश्मानं अर्ध्या दिवसाची रजा मागितली होती, आणि तिची आई भाजीच्या टेंपोत येऊन बसली होती.

रेश्मानं खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. माईक तोंडाशीच होता.

"आय गाडीत..." ती घाबरून म्हणाली.

पिपाणी वाजली. चांदण्यांचा नुसता पाऊस पडला. "एक्सलंट! आय गॉट इट!" बाई म्हणाली आणि शहाण्णव आकडा पडदाभर नाचायला लागला.

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "आरं तिच्या, बाईला मराठी येतंय!" आणि वर्ग फुटला. बाकं वाजली. एक जण हसता हसता बाकाखाली गेला तो तिथेच राहिला. बावडेकर मॅडमनी रुमाल तोंडावर धरला होता. रेश्मा मात्र रडकुंडीला आली होती.

"सर, मी चेष्टा नाही केली ओ! खरंच आय गाडीत हाय!"

"शहाण्णव!" बाई पुन्हा म्हणाली.

"जा, जा तू," मी म्हणालो. "आईला नमस्कार सांग."

शाळा सुटल्यावर मी ग्रंथालयातला तो जाडजूड उच्चारकोश काढला. माझ्यासारख्या माणसाला आनंद व्हायला फार काही लागत नाही. सगळा उलगडा तिथे होता. अमेरिकेतली माणसं आपल्या 'ऑ'ला 'आ' म्हणतात, आणि दोन स्वरांच्या मध्ये 'ट' सापडला की तो जिभेवरून घसरवतात. आपल्या कानाला तो 'ड' वाटतो. म्हणजे गॉटचं गाड, आणि पुढचा इट त्याला चिकटला की गाडीत. इंग्लंडातल्या जुन्या पुस्तकांच्या जिवावर मी मुलांना जे खोडून काढत होतो ते अमेरिकेत राजरोस चालू होतं. वाईट वाटायला हवं होतं. मी मात्र एकटाच कपाटापाशी उभा राहून "आई गाडीत, आई गाडीत" असं म्हणत हसत होतो.

पुढचे तीन दिवस वर्गात जे चाललं त्याला शिकवणं म्हणावं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. बाईला मराठी बोलून फसवायचं, हा खेळ झाला. पण फसवायला आधी इंग्रजी वाक्य सापडायला हवं, ते फोडायला हवं, त्याचा अर्थ कळायला हवा. जी मुलं वर्षभर तोंड उघडत नव्हती ती माईकसाठी भांडायला लागली.

"सर, 'वडा दे' कसं वाटतंय?" सचिन लाटकर म्हणाला.

"त्यात इंग्रजी काय आहे?"

"व्हॉट अ डे! काय पण दिवस हाय!"

बाईनं अठ्ठ्याऐंशी दिले.

"सर, 'आय काढीत'!"

"आई काय काढीत?"

"धार, सर. आय कॉट इट. मी ते पकडलं."

"आणि कॉट कशाचं रूप?"

"कॅच, कॉट, कॉट!" सगळा वर्ग ओरडला. ही तिन्ही रूपं त्यांच्याकडून एरवी वदवून घ्यायला मला दिवाळी उजाडायची.

शुक्रवारी रेश्मा माझ्याजवळ आली. तिच्यामागे चौघं-पाचजणं उभी होती.

"सर, उद्या तुमची परीक्षा हाय नव्हं?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सगळ्या गावाला म्हाईत हाय. सर, तुम्ही आमचंच म्हणा. 'आय गाडीत.' आमी समोर बसून तोंड हालवतो."

"असं कसं म्हणेन मी? ते इंग्रजी नाही, मराठी आहे."

"बाईला काय कळतंय? सर, तुम्ही गेला तर ह्यो खेळ बंद हुईल ओ."

मी त्यांना रागवलो. निदान रागवल्यासारखं केलं.

शनिवारी सकाळी वर्ग झाडून-पुसून ठेवला होता. संस्थेचे सचिव आण्णासाहेब चौगुले फेटा सावरत पहिल्या खुर्चीत बसले. मोठे दिलदार गृहस्थ. शिक्षण सातवीपर्यंत, पण तीन शाळा उभ्या केलेल्या. कुणीतरी त्यांच्या हातात माईक देऊन उद्घाटनाचा एक शब्द म्हणायची विनंती केली. पडद्यावर शब्द होता डॉक्टर.

"डाक्टर," आण्णा म्हणाले.

चांदण्या. ब्याण्णव.

आण्णांनी सगळ्यांकडे वळून बघितलं. "बघितलंसा? आणि आमचं इंग्लिश कच्चं म्हणत हुती माणसं!" टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

मग माझं नाव पुकारलं. पडद्यावर वाक्य आलं, "आय गॉट इट." ते नेमकं तेच कसं आलं हा प्रश्न मला आजही पडतो, यंत्र बावडेकर मॅडम चालवत होत्या, पण मी कधी विचारलं नाही.

मी वर बघितलं. चाळीस तोंडं एकदम हलत होती. आय गाडीत. आय गाडीत. रेश्माचे डोळे मोठे झाले होते. मी आधी माझ्या पद्धतीनं, अर्धचंद्रासकट म्हणालो. फुली.

"अजून एकदा बघा," मगदूम सर कळवळून म्हणाले.

आणि मी वाकलो. आयुष्यभराची पुस्तकं, आयुष्यभराचा 'ऑ', सगळं बाजूला ठेवलं. डोळे मिटले आणि स्पष्ट म्हणालो, "आई गाडीत."

"प्लीज ट्राय अगेन."

"आय, सर, आय!" मुलं कुजबुजली. "आई न्हवं!"

पण माझ्या तोंडातून 'आय' येईचना. लहानपणापासून घरात 'आई' म्हणत आलेलो. त्यातली दीर्घ ई मी चांगली ओढून म्हणत होतो. "आई गाडीत. आई गाडीत." फुलीवर फुली. इंग्रजीत नापास झालो होतोच, आता मराठीतही झालो. आकडा आला एकेचाळीस.

"ह्ये मास्तर आईला कुठं न्यायला लागलेत?" आण्णांनी मगदूम सरांना विचारलं. मगदूम सर छताकडे बघायला लागले.

तेवढ्यात पडदा बदलला आणि कंपनीच्या बाई दिसू लागल्या. पिकलेले केस, गळ्यात चष्म्याची साखळी, पुढ्यात मोठा कप. त्यांनी नाव सांगितलं ते माझ्या हिशेबानं मॉली होतं, पण त्या माली म्हणाल्या.

"माळी?" आण्णा खूश झाले. "कुठल्या माळी? सासवडच्या का?"

बावडेकर मॅडमनी शाळेच्या वतीनं स्वागत केलं. मॉलीबाईंनी आभार मानले आणि मग अशी गोष्ट विचारली, की बावडेकर मॅडमनी ती मराठीत सांगताच वर्गातली हवाच गेली. त्या म्हणाल्या, ज्यांना चांगले मार्क पडतात त्यांच्याशी बोलून मला काही उपयोग नाही. तुमच्यात सगळ्यांत कमी मार्क कुणाला आहेत? मला त्यांच्याशी बोलायचंय.

कुणी माझं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. सगळा वर्ग माझ्याकडे वळला होता.

मी कॅमेऱ्यापुढे जाऊन उभा राहिलो. इंग्रजी ज्याची आईची भाषा आहे असा जिवंत माणूस पहिल्यांदाच माझ्यासमोर होता आणि माझं बोलणं ऐकायला थांबला होता. मी म्हणालो, "मॅडम, आय शुड लाइक, विथ युअर काइंड परमिशन, टु ले बिफोर यू अ स्मॉल मॅटर."

"गो अहेड," त्या म्हणाल्या आणि कप खाली ठेवला.

मग मी बोलत गेलो. 'ऑ'चं सांगितलं, घसरणाऱ्या 'ट'चं सांगितलं. इंग्लंडातलं जुनं इंग्रजी आमच्याकडे पुस्तकांतून कसं आलं आणि तुमच्या यंत्राला ते परकं कसं वाटतं, ते सांगितलं. आमच्या भागात आईला आय म्हणतात इथपासून सुरुवात करून रेश्माची आय टेंपोत बसून भोंगा कसा वाजवत होती, तिथपर्यंत आलो. मॉलीबाई आधी गालात हसत होत्या. मग त्यांनी चष्मा काढला. मग डोळे पुसायला लागल्या. त्यांनी ते मराठी वाक्य मला तीनदा म्हणायला लावलं. रेश्माला पुढे बोलावून तिच्याकडूनही म्हणवून घेतलं आणि मग स्वतः म्हणाल्या, "आय गाडीत!"

"मग जावा की वो बाई, वाट बघत असंल!" मागून कुणीतरी ओरडलं.

किती वेळ बोललो मला माहीत नाही. थांबलो तेव्हा लक्षात आलं, मी एकदाही अडखळलो नव्हतो.

मॉलीबाई हसून एक वाक्य बोलल्या. मला ते पक्कं ऐकू आलं. त्या म्हणाल्या, "तुमचा शब्द न् शब्द मला कळला, पण असं इंग्रजी आता जगात कुणीच बोलत नाही."

पडद्यावरचं चित्र थरथरलं आणि विझलं. वेळ संपली होती.

"काय म्हणाल्या माळीबाई?" आण्णांनी विचारलं.

सांगावं तर सगळं सांगायला हवं होतं, आणि त्या वाक्याच्या मागच्या अर्ध्या भागात माझी दहावी बुडत होती. मी बावडेकर मॅडमकडे बघितलं. ते वाक्य समजलेलं वर्गात दुसरं कुणी असेल तर त्या एकट्याच होत्या. त्यांनी यंत्राची वायर गुंडाळायला घेतली होती. त्या वर न बघताच म्हणाल्या, "बाई म्हणाल्या, सरांचा शब्द न् शब्द कळला."

आणि पुन्हा वायर गुंडाळायला लागल्या.

"शब्द न् शब्द?"

"हो, आण्णा."

"मग यंत्राला का कळंना?"

"यंत्र अजून शिकतंय, आण्णा."

आण्णा फेटा सावरत उठले. "मग शिकू दे की. बसवा त्याला दहावीत, हुपरीकर मास्तरांच्या हाताखाली. काय मगदूम?"

"मीही तेच म्हणणार होतो," मगदूम सर म्हणाले.

वर्गात जो गलका झाला त्यात आण्णांना बाहेर पडायला वाट मिळेना. मुलं मला काय काय सांगत होती, मला काहीच ऐकू येत नव्हतं. सगळी पांगल्यावर बावडेकर मॅडम आणि मी दोघंच उरलो. त्या यंत्रावर कापड झाकत होत्या. दहावी हातची गेली, फाईल पुन्हा वर्षभर पडून राहणार, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

"मॅडम," मी म्हणालो, "बाईंचं वाक्य त्याहून मोठं होतं. तुम्ही अर्धंच सांगितलंत."

त्यांनी कापडाची चारी टोकं नीट खोचली.

"अर्धंच ऐकू आलं, सर," त्या म्हणाल्या. "पुढं नेट गेलं होतं."